करंगळीएवढी धार

न्हाणीतल्या नळाची धार पुन्हा करंगळीएवढी झाली, तशी बाळाला मांडीवर उपडं धरूनच महानंदाने डोळे मिटले. बाळाच्या अंगाला डाळीचं पीठ लावून झालं होतं आणि बादलीत तांब्याभरही पाणी नव्हतं. तिला रागही येईना. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं.

"चुलीवरचं घे गं," सोप्यातून सासू म्हणाली. "तुजी मोटार दमली आज."

तुझी मोटार. घरात ती तिचीच मानली जायची, कारण ती आली तिच्यामुळे. दुष्काळ सरल्यावर परसातल्या विहिरीला पाणी आलं, पण लांब खाली. लग्नाच्या पहिल्या वर्षी महानंदा तिथून दोराने पाणी शेंदायची, आणि दिवस गेल्यावर पाचव्या महिन्यात जे होऊ नये ते झालं. शेंदल्यानेच झालं असं कुणी म्हणालं नाही. पण डॉक्टरीणबाईंनी यापुढे दोराला हात लावायचा नाही असं बजावलं आणि विरुपाक्षने, तिच्या नवऱ्याने, विहिरीवर मोटार बसवली, माळवदावर टाकी बांधली. घरात नळ आला. त्यानंतर हे बाळ.

आता मोटार जायची होती. कुंभारीहून धाकटा दीर मल्लप्पा येऊन धार बघून गेला होता. "वैनी, घराला ही मोटार मानवली न्हाई बगा. मळ्यात लावतो. वांगी वाळाय लागल्यात."

विरुपाक्ष ताटावरून मान न उचलता म्हणाला होता, "ने रविवारी."

"आणि घरात पाणी?" तिने विचारलं.

"काढू की. तसंही नळाला कुठं येतंय?"

काढू म्हणजे कोण काढणार, ते त्याने सांगितलं नाही. तो सकाळीच कचेरीत जायचा. सासूचे, गौरम्माचे, गुडघे धरलेले. उरली कोण? महानंदाने हिशेब पुढे नेला नाही. विहिरीवरची कप्पी मात्र रात्रभर तिच्या कानात कुरकुरत राहिली.

रविवारच्या आत काहीतरी सापडायला हवं होतं. बाळ निजलं की ती परसात जायची आणि मोटारीजवळ नुसती उभी राहायची. गल्लीतले यंत्रमाग चालू असले की वीज मंदावते, म्हणून तिने दिव्यावर नजर ठेवली. दिवा लख्ख असतानाही धार तेवढीच. पाइपात हवा शिरली की मोटार खोकते. ही एका सुरात चालत होती. मोटारीच्या डोक्यावरचं बूच उघडून पाहिलं, तर रात्रभर बंद राहूनही पाणी काठोकाठ. म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशी असलेली झडपही शाबूत. मग दुखतंय कुठं? दात न आलेल्या पोराला विचारावं तसं ती त्या लोखंडाला विचारत होती.

शनिवारी भिंतीवरून माळवदाकडे चढणाऱ्या पाइपाच्या सांध्यातून बारीक फवारा उडाला. मल्लप्पाने मागच्या खेपेला गळती थांबवायला तिथेच सुतळी आणि सफेदा गुंडाळला होता. मोटार म्हातारी झाल्याची ती खूण, असं त्याचं म्हणणं. फवारा महानंदाच्या गालावर आला. चांगला जोरात. थकलेल्या मोटारीला एवढा जोर कुठला? पदराने गाल पुसता पुसता तिच्या लक्षात आलं, पाणी विहिरीतून नीट वर येतंय. वर कुठेतरी अडतंय, आणि अडल्यामुळे वाट काढतंय.

"टाकीत बघितलंत का?" तिने रात्री विरुपाक्षला विचारलं.

"बघितली की फळी उचलून. पाणी तळाला. मोटार चढवत नाही, झालं."

"पाइपाचं तोंड बघितलंत?"

"महानंदा, झोप आता."

बाळंतिणीने पाच महिने जिना चढायचा नाही, असा गौरम्माचा दंडक. आता कुठे चौथा लागला होता. रविवारी गौरम्मा तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसली, तेव्हा महानंदाने मोटारीचं बटण दाबलं आणि पायऱ्या चढली. वर पोचेतो धाप लागली. टाकीच्या दोन्ही फळ्या तिने सरकवल्या. कोपऱ्यात, पाइपाच्या तोंडाला, इरकली लुगड्याची चार पदरी घडी दोऱ्याने आवळून बांधलेली होती. हिरवी, बुळबुळीत, गळ्यावर गाठ यावी तशी फुगलेली. कडेकडेने पाणी ठिबकत होतं.

मागे जिन्यावर, भिंत धरत चढलेल्या गौरम्माची धाप ऐकू आली. "खाली ये. ओली बाळंतीण तू, हितं काय करतीस?"

"आत्ती, हे तुम्ही बांधलंत?"

"मग कोण बांधणार? न गाळलेलं पाणी नातवाच्या पोटात घालू व्हय? विहिरीत नारूचा किडा असतोय."

"आणि धुतलं कधी?"

"दर सोमवारी धूत होते. संक्रातीपासनं गुडघं चढू देईनात."

"मला सांगायचं तरी."

"तू चढली असतीस. आन् फडकं बांधलं म्हणून पाणी अडतंय, हे मला कुटं ठाव? मोटार लई ताकदीची म्हणालता ना तुमी?"

महानंदा टाकीच्या काठावर बसली. हसावं की रडावं ठरवण्याइतकाही जोर नव्हता. तिने दोरा तोडला, घडी ओढली आणि मनगटाएवढं पाणी फाडकन टाकीत कोसळलं. दोघी भिजल्या.

खाली बैलगाडी थांबली. मल्लप्पा पाना घेऊन परसात आला आणि वर आईकडे बघून म्हणाला, "अव्वा, मोटार बंद करून बोल्ट काढतो."

"फडकं परत बांध," गौरम्मा महानंदाला हळूच म्हणाली. "त्याबिगर हे पाणी मी पोराला देणार न्हाई. मग मोटार राहिली काय, गेली काय."

महानंदाने सासूकडे पाहिलं. म्हातारी हटणार नव्हती, आणि नारूचं भय काही खोटं नव्हतं. "दोनच पदर बांधीन. आणि रोज धुवायचं."

"रोज कोण चढणार?"

"मीच."

गौरम्माने बाळंतिणीच्या पाच महिन्यांचा हिशेब तोंडातल्या तोंडात केला, सोडून दिला, मग कठड्यावरून वाकली. "मल्ल्या, राहू दे मोटार. पाणी आलं."

"आन् माझी वांगी गं?"

"वांगी गेली तर परत लावता येत्यात," गौरम्मा म्हणाली.

धुतलेलं फडकं पिळता पिळता महानंदाचे हात थांबले. ज्याबद्दल या घरात कुणी कधी बोललं नव्हतं, ते म्हातारीच्या लक्षात होतं तर. तिने मान वर केली नाही. दोन पदरांची घडी पाइपाच्या तोंडावर धरली, दातांनी दोरा ताणून गाठ मारली. खाली बाळ उठून रडायला लागलं. "तू बांध नीट," गौरम्मा म्हणाली, "मी बघते त्याला," आणि एकेक पायरी बसत बसत उतरू लागली.