दोन तळ्यांचा करकोचा

बाबा आणि आत्या दोघंही पक्षी मोजणारे, आणि दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. डोंगराच्या अलीकडचं तळं बाबांचं, पलीकडचं आत्याचं. पूर्वी दोन्ही तळी एकत्र मोजायचे. मग एका अहवालावर बाबांनी फक्त स्वतःचं नाव घातलं आणि आत्याने आपल्या नोंदी, फोटो, सगळं कुलपात टाकलं. बाबाही तिला ताकास तूर लागू देईनात. साठीला आलेली माणसं, पण वागणं बालवाडीतलं.

माझी नोकरीच माहिती जुळवण्याची. चार जणांच्या नोंदी एका साच्यात बसवायच्या, दुबार आलेल्या गाळायच्या. जगाचं जुळवत होते, घरचं जुळत नव्हतं.

या वर्षी नोंदींसाठी मी दोघांच्याही मागे लागले तेव्हा कळलं, बाबांच्या तळ्यावर एकच करकोचा उरलाय. आत्याच्याही. करकोच्यांच्या प्रजनन केंद्रातल्या बाई म्हणाल्या, "दोन वेगळे पक्षी आहेत एवढं दाखवा, आम्ही पकडून एकत्र ठेवू. एकटाच असेल तर आमचा इलाज नाही."

शेवटी बाबांनी फोन लावला. "ताई, चुकलं माझं," एवढं बोलून फोन माझ्या हातात कोंबला आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी आत्या हार्ड डिस्क घेऊन आमच्या स्वयंपाकघरात हजर.

"काय रे, तुझा नवरदेव की नवरी?"

"नर-मादी दिसायला सारखेच. पण हट्टी आहे, म्हणजे तुझ्यावर गेलाय."

दोघं हसले. मला रडू येईल असं वाटलं.

फोटो शेजारी शेजारी लावले. बाबांच्या करकोच्याच्या चोचीचा टवका उडालेला. आत्याच्याही, त्याच जागी. फोटोंवरच्या वेळा बघितल्या: सकाळी या तळ्यावर, दुपारनंतर त्या.

"एकच आहे," मी म्हणाले.

मग आत्या म्हणाली, "गेल्या वर्षीचं काढ."

काढलं. एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन्ही तळ्यांवर एकेक करकोचा. आत्याच्याची चोच धड. अख्खा हंगाम दोन होते. त्याच हंगामात केंद्राने विचारलं होतं, आणखी कुठे आहे का? बाबांनी 'माहीत नाही' कळवलं होतं. आत्याने उत्तरच दिलं नव्हतं.

"तुझा कधी दिसेनासा झाला गं?" बाबांनी हळूच विचारलं.

"दिसेनासा कुठे झाला? रोज दिसत होता की." आत्या पडद्याकडेच बघत होती. "मला वाटलं, त्याची चोच फुटली."

मला दोघांचा इतका राग आला की चहाचे कप आपटतच धुतले.

आता दोघं रोज फोनवर असतात. इकडून उडाला की बाबा कळवतात, तिकडे उतरला की आत्या. इतक्या चोख नोंदी मी नोकरीत पाहिल्या नाहीत.

परवा सकाळी बाबांनी कळवलं, "निघाला."

अंधार पडताना आत्याचा फोन आला. "अरे, अजून आला नाही."