उजवा नऊ, डावा सात

माझे पाय घडवताना ब्रह्मदेवाला कुठेतरी जायची घाई असणार. उजवा नऊ नंबरचा, डावा सात. दोन्ही चवड्याशी ऐसपैस, टाचेशी चिंचोळे, आणि अंगठे शेजारच्या बोटाशी अबोला धरल्यासारखे लांब उभे. हे पाय घेऊन मी छत्तीस वर्षं दुकानं पालथी घातली. मुलुंडच्या पाच रस्त्यापासून घाटकोपरच्या मॉलपर्यंत सगळीकडे एकच उत्तर. "मॅडम, थोडं वापरलं की सैल होईल ना." काय सैल होईल, बूट की मी? एकाने तर सरळ सांगितलं, दोन जोड घ्या आणि एकेक पाय वापरा. उरलेले दोन त्याच्या डोक्यावर ठेवावेत असं वाटलं होतं.

हे पाय बाबांचे. माझे बाबा, सहदेव परब, गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कंपनीत वॉचमन होते. एजन्सीचे बूट मिळायचे, दोन्ही नऊ नंबरचे. डाव्यात बाबा वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. संध्याकाळी घरी आले की आई मिठाच्या गरम पाण्याची बादली पुढे करायची आणि बाबा त्यात पाय सोडून डोळे मिटून बसायचे. माझा भाऊ निलेश आईवर गेला, त्याला दुकानातला पहिला बूट बसतो. घरात एक रबरी जोड मात्र फक्त मला आणि बाबांना व्हायचा, दोन जोडांतून जुळवलेला. सकाळी जो आधी उठेल तो तो घालून दूध आणायला जायचा.

बाबांची एक सवय होती. सगळी माणसं चपला काढताना चवडे भिंतीकडे करून काढतात. बाबा वळून टाचा भिंतीला लावायचे आणि चवडे बाहेर. "पाय घातला की निघालं," म्हणायचे. वॉचमनची खोड.

गेल्या वर्षी वैशाखात बाबा गेले. बाराव्याच्या दानाचं सामान आणायचं माझ्याकडे आलं. छत्री, तांब्या, अंथरूण, चपला. गेलेल्या माणसाला वर्षभर चालायचं असतं, वाटेत तापलेली वाळू आणि काटे असतात, म्हणून भटजींच्या हातून त्याला चपला पोचवायच्या. सगळे करतात तेच मी केलं. शरच्चंद्र गुरुजींना फोन लावला, "भटजीकाका, तुमचा नंबर किती?" ते म्हणाले आठ. मी आठ नंबरच्या तपकिरी चपला आणल्या. निदान वापरल्या तरी जातील, उगाच त्यांच्या माळ्यावर पडायला नकोत. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

गणपतीत पूजेला आले तेव्हा गुरुजी म्हणाले, "तुमच्या चपला काही लाभल्या नाहीत हो. त्याच संध्याकाळी देवळाबाहेर पिशवीत ठेवल्या होत्या, तिथून गेल्या. पायात घातल्याही नव्हत्या, स्टिकर तसंच होतं." आम्ही सगळे हसलो.

जानेवारीत ऑफिसातल्या रेवतीने मला धोंडिरामचा पत्ता दिला. घाटकोपरला भटवाडीच्या उतारावर त्याचं दोन हात रुंदीचं दुकान होतं. त्याने मला वर्तमानपत्रावर उभं केलं, पेन्सिल पायांभोवती फिरवली आणि म्हणाला, "दुकानवाले पाय कुठं बघत्यात ताई, खोकं बघत्यात." माझ्या दोन्ही पायांची त्याने दोन लाकडी पावलं कोरली आणि त्यांच्यावर बूट चढवले. काळे, लेसवाले, शिवण अशी की बोट फिरवलं तरी लागू नये.

मी ते तिथेच घातले आणि उतारावरून खाली चालत आले. काहीच दुखलं नाही. कुठे घासलं नाही, कुठे पोकळ लागलं नाही. पायात बूट आहेत हेच मी विसरले. मग रिक्षात बसून वेड्यासारखी रडले. रिक्षावाल्याने विचारलं, "कुछ हुआ क्या मॅडम?"

बुधवारी आणि शनिवार-रविवारी मी घरी असते. बाकी दिवस पवईला ऑफिस. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी दुपारी चारला कुरिअर आलं म्हणून दार उघडलं. दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर माझे बूट चवडे बाहेर करून ठेवलेले होते. मी कधी तसे ठेवत नाही. उचलून नीट ठेवायला गेले आणि हात झटकला. आतून ते गरम होते. उन्हात तापलेल्या वस्तूसारखे नाही, आमच्या पॅसेजमध्ये ऊन येतच नाही. नुकताच कुणीतरी पाय बाहेर काढावा तसे, दमट आणि गरम.

पहिला संशय अर्थात समोरच्या फ्लॅटमधल्या केतनवर. "तुझा नंबर किती रे?" मी दारात जाऊनच विचारलं.

"दहा. का?"

"काही नाही." त्याच्या पायात ते शिरलेही नसते. जगात एकाच माणसाच्या पायात शिरले असते. तो विचार मी आला तसा परतवला.

पण दर बुधवारी तेच. शनिवारी, रविवारीही. सकाळी चवडे भिंतीकडे, चारला चवडे बाहेर आणि आत ऊब. मार्च संपेपर्यंत बुटांच्या तळव्यांना काटे लागायला लागले. लांब, पांढरट, बोटाएवढे. मुलुंडमध्ये मी असा काटा जन्मात पाहिलेला नाही. सोसायटीचा कॅमेरा लिफ्टकडे तोंड करून बसलाय, त्याचा काय उपयोग? मी बूट आत घेऊन कपाटात ठेवायला लागले. त्या बुधवारी दुपारी एकच्या सुमाराला दाराशी पाय घासल्याचा आवाज आला. एक जड, एक हलका, एक जड, एक हलका. दाराशी थांबला, आणि बराच वेळ काहीच नाही. कुणी बेल वाजवली नाही. दार उघडायची माझी छाती झाली नाही. शनिवारपासून मी बूट परत बाहेर ठेवायला लागले.

एप्रिलमध्ये मी ते धोंडिरामकडे नेले. तो दुकानातलं सामान पोत्यात भरत होता. रस्ता रुंद होणार म्हणून ती सगळी रांगच पाडायची होती, तो गावी निघाला होता, साताऱ्याकडे. त्याने चिमट्याने एकेक काटा ओढला आणि समोरच्या पाटीवर टाकला. मग बुटात हात घालून बोटांनी चाचपत राहिला.

"हे तुम्हीच घालता नव्हं?"

"मग कोण घालणार?"

"पाय तुमचाच हाय. तसाच अंगठा, तसाच चवडा. पण टाच बघा कशी दबलीय. ही बाप्याच्या वजनाची टाच हाय, ताई." त्याने तळवा माझ्यापुढे धरला. कडा करपून गेल्या होत्या. "आन् हे तव्यावर चाललाय का?"

मी विचारलं, दुसरा एक जोड करून मिळेल का. तो म्हणाला, हत्यारं गेली गावाला. हात पण आता तेवढे चालत नाहीत. हा शेवटचाच होता.

त्या रात्री जेवताना मी आईला सगळं सांगितलं. आई, मालन परब, रागावेल, वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तिने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "बुधवारी घरी आसस ना गो?"

बुधवारी दुपारी एक वाजता आईने तांदळाचं पीठ घेतलं आणि दाराबाहेर, स्टँडपासून जिन्यापर्यंत पातळ चाळून पसरलं. आमच्याकडे माणूस गेल्यावर दिव्यापाशी असं पीठ पसरतात आणि टोपलीखाली झाकून ठेवतात. पाऊल कसलं उमटतं ते बघतात. मग आम्ही दोघी दार लावून आत जमिनीवर बसलो. खालून भंगारवाल्याची हाक येत होती, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. आणि त्यातून तो आवाज जिन्यावरून वर आला. एक जड, एक हलका. आईने माझं मनगट घट्ट धरलं. दाराबाहेर लेस ओढल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग पावलं खाली गेली.

आम्ही दार उघडलं. बूट नव्हते.

जिन्याकडून स्टँडकडे येणारी पावलं अनवाणी होती. उजवं मोठं, डावं लहान, अंगठे फटकून लांब. प्रत्येक टाचेपाशी पीठ ओलं होऊन गोळा झालं होतं, फोड फुटून पाणी यावं तसं. स्टँडकडून जिन्याकडे जाणारी पावलं बुटांची होती.

"तेंचे पाय भाजतत गो," आई म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

चार वाजता बूट जागेवर होते. गरम, चवडे बाहेर.

"मग घेऊन जाऊ देत ना कायमचे," मी ओरडले. माझा आवाज माझाच मला कसा तरी वाटला. "दर वेळी परत कशाला आणून ठेवतात?"

"लेकीची वस्तू ती. दिल्याबिगर कशी घेतीत?" आई पीठ झाडत म्हणाली. "जेवढी वाट चालतत तेवढी मागे येतत, बूट ठेवूक. मागच्या वैशाखापासून माणूस खंय पोचलोच नाय."

आणि मी ऑफिसला बूट घालून जाते त्या दिवशी?

हे मी विचारलं नाही. उत्तर पिठातच होतं.

वर्षश्राद्धाला नऊ दिवस उरले होते. वर्ष भरलं की ती वाट बंद, असं आई म्हणते. खोटं कशाला बोलू, मला बाबांचा राग आला. जन्मात एकदा माझ्या पायांना काहीतरी बसलं होतं, आणि तेही यांना हवं. धोंडिराम गेला, दुकान पडलं, असा जोड मला पुन्हा मिळणार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी हट्टाने बूट घालून पवईला गेले. दुपारी एकला टेबलापाशी बसले होते, एसीत, पंधराव्या मजल्यावर. पाय मजेत होते. आणि मला त्या मजेची किळस आली. मी टेबलाखाली बूट काढले आणि संध्याकाळपर्यंत गार फरशीवर पाय ठेवून बसले. तशानेही काही होत नव्हतं. ते बूट मुलुंडला नव्हते.

श्राद्धाला निलेश कांदिवलीहून आला. पिंड झाले, दानाची वेळ आली. मी बूट पुसून ताटात ठेवले. शरच्चंद्र गुरुजींनी एक बूट उचलून पाहिला.

"अगं, हे लेसचे बूट? वापरलेले? आणि हा मोठा, हा लहान. मला कसे व्हायचे?"

"तुमच्यासाठी नाहीत, काका. तुम्ही फक्त हातात घ्या."

निलेश माझ्याकडे बघून कुजबुजला, "अक्षता, वेडी झालीस का? तुझे आहेत ना ते?"

"होते. पाणी सोड."

त्याने पाणी सोडलं. गुरुजींनी बाबांचं नाव आणि गोत्र घेतलं आणि बूट पिशवीत टाकले, वर नारळ आणि तांदूळ. बाराचा सुमार होता. त्यांची पिशवी घेऊन मी खाली सोडायला गेले, अनवाणीच. कंपाउंडमधल्या डांबराने पहिल्याच पावलाला चटका दिला. गेटपर्यंत साठ पावलं असतील. दहाव्याला मला पळावंसं वाटलं. विसाव्याला डोळ्यांत पाणी आलं. पळाले नाही मी. बाबा पळाले असतील असं वाटत नव्हतं.

गेटपाशी रिक्षात बसताना गुरुजींनी पिशवी मांडीवर घेतली आणि आत हात घातला. "अगं, बूट वरच राहिले बहुतेक."

पिशवी माझ्याच हातात होती. ती कधी हलकी झाली ते मला कळलंच नाही. "राहू दे काका," मी म्हणाले. "पोचतील."

वर आले तेव्हा तळव्यांना फोड धरायला लागले होते. दाराबाहेर आई उभी होती, स्टँडकडे बघत. माझ्या बुटांच्या जागेवर एक जोड ठेवलेला होता. टाचा भिंतीला, चवडे बाहेर.

आठ नंबरच्या तपकिरी चपला. तळव्यावर स्टिकर तसंच होतं.

मी खाली बसून त्यांच्यावर हात ठेवला. गार होत्या. वर्षभर त्या कुणाच्या पायात गेल्याच नव्हत्या. बाबांनी त्या हातात धरून नेल्या होत्या आणि लेकीने घेतलेल्या म्हणून जपून परत आणल्या होत्या.