बोस्टन जिंकलं तेव्हा

मार्चमध्ये कंपनीच्या कँटीनमध्ये जेवता जेवता निमिष खुर्चीवरून कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या. आठवणींचं काय झालंय ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नव्हतं.

त्याची बायको अक्षया आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावाहून बसने रोज दुपारी ड्रोहेडा शहरातल्या हॉस्पिटलमध्ये यायची. तिने त्याला गणपतीच्या आरत्या ऐकवल्या, लेकीचा, केतकीचा आवाज ऐकवला. तो शांतपणे बघत राहायचा.

"त्याला तोंडपाठ काय आहे?" स्पीच थेरपिस्ट ऑर्लाने विचारलं. "कधीकधी सवयीने शब्द बाहेर पडतात."

"बेसबॉल," अक्षया म्हणाली.

निमिषने एम.एस. बोस्टनला केलं होतं. आयर्लंडमध्ये येऊन बारा वर्षं झाली तरी सकाळी चहाबरोबर तो जुने सामने लावायचा आणि समालोचकाच्या आधीच वाक्य पूर्ण करायचा.

ऑर्ला खूश झाली. "दॅट्स ग्रँड! तेच लाव."

अक्षयाने फोन त्याच्या डाव्या हाताशी टेकवून ठेवला. आधी अठ्ठ्याऐंशी सालचा सामना. दोन्ही पाय दुखावलेला फलंदाज लंगडत येतो आणि चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावतो. इथे निमिष दरवेळी उठून उभा राहायचा. आज त्याची नजर पडद्यावरून खिडकीकडे गेली.

मग शहाऐंशी सालचा. बोस्टन जिंकत आलेलं असतं आणि साधा सरपटत आलेला चेंडू त्यांच्याच खेळाडूच्या पायांमधून निसटतो. अक्षयाने मुद्दाम विचारलं, "हा शिकागोचा ना रे?"

एरवी तो भडकला असता. इतकी वर्षं ऐकूनही असं कसं बोलतेस म्हणून अर्धा तास सुनावलं असतं. आता त्याने मान डोलावली आणि हसला. घरी आलेल्या अनोळखी पाहुण्याकडे बघून हसावं तसं.

तरी अक्षयाने दोन हजार चार सालच्या सामन्याचा शेवट लावला. चेंडू उसळून गोलंदाजाच्या हातात, त्याने पहिल्या बेसवरच्या खेळाडूकडे तो हलकेच टाकला, आणि तब्बल शहाऐंशी वर्षांनी बोस्टन अजिंक्यपद जिंकलं.

"तू तेव्हा बोस्टनमध्ये होतास, निमिष. आठवतंय?"

त्याने मान हलवली. नाही.

"होतास रे! सामना दुसऱ्या शहरात चालला होता, पण सगळं बोस्टन रस्त्यावर उतरलं होतं, तूही. चंद्रग्रहण होतं. चंद्र तांबडा झाला होता. तुझ्या अंगात जॅकेट नव्हतं. एका म्हाताऱ्याने तुला मिठी मारली. म्हणाला, माझे वडील हे बघायचं म्हणत गेले. रडत होता. आणि तूही रडायला लागलास, दोनच महिने झाले होते तुला तिथे जाऊन..."

निमिष एकटक ऐकत होता. त्याचे ओठ हलले. बऱ्याच प्रयत्नांनी घशातून आवाज आला.

"म... मग?"

कितीतरी आठवड्यांनी आलेला पहिला शब्द. ऑर्लाने दारातूनच टाळी वाजवली.

म्हाताऱ्याचं पुढे काय झालं, ते दोघं कुठे गेले, अक्षयाला माहीत नव्हतं. घरी निमिष ही गोष्ट सांगत इथवर आला की ती दरवेळी चहाचे कप उचलून आत जायची. तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगत राहायचा आणि ती नळ सोडायची.

"मग?" त्याने पुन्हा विचारलं. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकत असल्यासारखं.

"मग मला नाही माहीत, राजा," ती म्हणाली. त्याचा निर्जीव उजवा हात तिने दोन्ही हातांत धरला. तो वाट बघत राहिला, थकला, आणि झोपी गेला.

सप्टेंबरात त्याला घरी आणलं. पाणी, नको, केतकी, असे थोडे शब्द आले. सकाळी तो चहा पितो आणि बाहेर बघत बसतो. अक्षयाने बोस्टनच्या त्याच्या जुन्या मित्रांना, जितके सापडले तितक्यांना, पुढे काय झालं ते विचारायला फोन केले. त्या रात्री त्यांच्यातलं कुणीच त्याच्याबरोबर नव्हतं.