देवस्थळींच्या आपट्याला हात लावायचा नाही

"एक पत्ता भी गया ना वर्माजी, तो मूँछ मुंडवा दूँगा!"

त्र्याण्णव सालच्या पावसाळ्यात, लखनौतल्या निशातगंजच्या पार्कात, सगळ्या कॉलनीसमोर मिशीला पीळ देत माणिकराव देवस्थळींनी जाहीर केलं. मिशी साधी नव्हती. बँकेत मॅनेजरपेक्षा तिला जास्त मान होता.

भांडण पार्काचं होतं. शेजारच्या वर्माजींना तिथे सफेदा, म्हणजे आपली निलगिरी, लावायची होती. भराभर वाढते, सरळ उभी राहते, साहेबी दिसते! देवस्थळींचं म्हणणं, इथल्या मातीतलीच झाडं हवीत. शेवटी उद्यानवाल्या साहेबांनी तोडगा काढला: देवस्थळींनी देशी रोपं लावावीत, पुढच्या वर्षीच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहणी. जगली तर पार्क देशी, मेली तर सफेदा.

देवस्थळींनी शहराबाहेरची, बख्शी का तालाबकडची रानं पालथी घालून आपट्याची रोपं आणली. भोवती करवंदाचं काटेरी कुंपण घातलं. बकऱ्या आल्या, नाकं टोचून घेऊन गेल्या. एक सांड आला, पाठ खाजवून गेला. थंडी झाली, जूनची भाजून काढणारी लू झाली. आपटा कमरेला लागला आणि वर्माजींचा चेहरा पडला.

इथवर झकास होतं. पण आनंद माणसाला गप्प बसू देतोय थोडाच! मराठी मंडळाच्या गणपतीत देवस्थळींनी माइक धरला. "इतकी वर्षं आपण लखनौत आपट्याच्या जागी कचनारच्या पानांवर दसरा भागवला. अस्सल आपटा आता निशातगंजात आहे!"

टाळ्या थांबेनात. देवस्थळींना वाटलं, भाषणाला आहेत.

दसऱ्याला श्रीखंड-पुरी चापून ते आडवे झाले. संध्याकाळी बेल वाजली. दारात मंडळाच्या सुरेखाताई.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा! आणि यंदा अस्सल हं!"

"कुठून आणलंत?"

"इश्श! तुमच्याच पार्कातून की! फाटक उघडंच होतं."

मागून रेल्वेतले हरिहर जोगळेकर, बगलेत भरलेली पिशवी. "थोडं कानपूरच्या मेव्हण्यालाही पाठवलं. तो आशीर्वाद देतोय तुम्हाला."

देवस्थळी स्लिपरवर पळाले. कुंपणाच्या आत नुसत्या काड्या उभ्या होत्या.

"मंजिरी, एक पान नाही उरलं गं!" घरी परतून ते ओरडले.

"असं कसं?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "सकाळी मी पूजेला तोडली तेव्हा चिक्कार होती."

"बाबा," लेक शर्मिष्ठा म्हणाली, "मूँछ का क्या करोगे?"

शब्द तो शब्द. सकाळी न्हाव्याकडे मिशी उतरली. आरसा वर्माजींनी धरला.

दहाला साहेब आले. एक काडी नखाने खरवडली. आत हिरवीगार.

"वाह! छँटाई क्या बढ़िया करवाई है! सब ज़िंदा हैं. पार्क देशी रहेगा. देवस्थळी साहब कहाँ हैं?"

"मैं ही हूँ," देवस्थळी म्हणाले. हात सवयीने ओठावर गेला आणि रिकामा परत आला.

साहेबांनी जरा निरखून पाहिलं, मग हात मिळवला. "आपके पार्क को इनाम मिलेगा!"

इनाम सोमवारी ट्रक भरून आलं. देवस्थळी बँकेत होते, म्हणून वर्माजींनी सही करून उतरवून घेतलं. सफेद्याची रोपं होती.