पहिली आवृत्ती सापडल्यावर

दुबईत, अल क्वोजच्या एका गोदामात, टायरवाला आणि जिम यांच्या मधे, रुखसार मॅडम जुनी पुस्तकं विकतात. मी तिथे प्रोबेशनवर होतो. पहिलंच काम: बोस्टनला छापलेली एक जुनी कादंबरी पहिल्या आवृत्तीची आहे की नाही, ते सोमवारपर्यंत सांगायचं. पहिली निघाली तर ती सोन्याच्या भावाची. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर खलास.

अडचण अशी की त्या काळी पहिल्या आवृत्तीवर ‘पहिली आवृत्ती’ असं सहसा लिहीत नसत. दुसरी निघेल याची कुणालाच खात्री नसावी.

शुक्रवारी गोदामाचा एसी बंद पडला. पुस्तक उकडून निघू नये म्हणून मॅडमनीच ते माझ्याबरोबर घरी, डिस्कव्हरी गार्डन्सला पाठवलं. घरी बाबा असतात, याची त्यांना कल्पना नव्हती.

माझे बाबा, दत्तप्रसाद, अबुधाबीकडच्या मुसफ्फात, लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या एका फॅब्रिकेशन यार्डात डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत. ड्रॉइंग सुधारून नवं आलं की जुन्यावर ‘सुपरसीडेड’चा लाल शिक्का मारायचा, म्हणजे ते रद्द. एकवीस वर्षं हेच. एकदा कुणीतरी जुन्या ड्रॉइंगवरून चौदा खांब चुकीच्या मापात कापले. त्या खांबांबद्दल बाबा अजूनही घरातलं माणूस गेल्यासारखं बोलतात. शिक्का भलत्याच्या हाती लागू नये म्हणून ते तो रोज बॅगेतून घरी आणतात.

शनिवारी मी ओरडलो, “बाबा, सापडलं! पुढच्या पानावर १८५२, मागे कॉपीराइटलाही १८५२, शेवटच्या जाहिरातींत त्यानंतरचं एकही पुस्तक नाही. पहिलीच!”

“पक्कं?”

“शंभर टक्के.”

“म्हणजे रेव्ह झिरो, सगळ्यात जुनी.” बाबा गंभीर झाले. “यानंतर किती निघाल्या?”

“असतील साठ-सत्तर.”

“अरे देवा.”

मी आंघोळीला गेलो. चोवीस वर्षांत आंघोळीनं माझं एवढं नुकसान कधी केलं नव्हतं. बाहेर आलो, तर पुढच्या पानावर लाल शिक्का. ठळक, तिरका, अजून ओला.

“वाचलास, निनाद,” बाबा म्हणाले. “ही चुकून गिऱ्हाइकाकडे गेली असती म्हणजे? लेटेस्ट मागवलीय मी. पस्तीस दिरहॅम, म्हणजे आठशे रुपये. जाऊ दे, तुझ्या नोकरीपुढे काय!”

मी दहावी पास झालो तेव्हाही त्यांचा चेहरा एवढा फुलला नव्हता. मी पंखा लावून शिक्का वाळवला.

सोमवारी मॅडमनी तारखा बघितल्या, जाहिराती बघितल्या. “पहचान बिलकुल सही है.” मग शिक्का बघितला. “ये किसने किया?”

“पप्पा ने.”

“क्यों?”

“मेरे लिए.”

मॅडमनी डोळे मिटले. “काम तुझे आता है, बेटा. अब घर जा.”

“आज के लिए?”

“नहीं.”

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून बाबांचा फोन आला. “काय म्हणाल्या मॅडम?”

“ओळख बरोबर होती म्हणाल्या.”

“बघ! आणि शिक्का?”

“त्यांना काही बोलायलाच सुचेना.”

“होतं तसं पहिल्यांदा.” बाबा म्हणाले. “त्यांना सांग, अजून जुनी असतील तर पाठवून द्या. शनिवारी मी मोकळाच असतो.”

“सांगतो,” मी म्हणालो.