फरशीवरची लाल पट्टी
नऊ चटया, चार धर्मांचे सहा ग्रंथ, एक लाकडी क्रूस, चार बोटं उंचीची बुद्धाची मूर्ती आणि तीन जपमाळा, त्यांतल्या एकीत एक मणी कमी. मामांनी मोजून वहीत खूण केली आणि लोखंडी कपाटाचं दार लावलं.

"मामा, ते दार परत उघडा बरं," मागून आवाज आला.

बाकावर रस्त्यांची मोजणी करणारी एक मुलगी बसली होती. तिचे आजोबा दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भरती होते. ती प्रार्थना करत नसे. इथला पंखा बरा आहे म्हणून येते, असं सांगायची.

मामांनी दार उघडलं. कपाटावरच्या होकायंत्राची सुई हलली. लावलं तशी परत फिरली.

"हे इथंच ठेवून पट्टी मारली होती का?"

"मग कुठं ठेवणार? सपाट जागा तेवढीच. अकरा वर्षं झाली त्याला."

पट्टी म्हणजे फरशीवरची लाल चिकटपट्टी, दीड मीटर लांब. मक्केच्या दिशेला तोंड करून नमाज पढणाऱ्यांसाठी ती मामांनी स्वतः चिकटवली होती.

"लोखंड सुईला ओढतं, मामा," मुलगी म्हणाली. होकायंत्र घेऊन ती आवारात गेली, भिंतीची दिशा मोजून आली, आणि फरशीवर पेन्सिलीने खऱ्या दिशेची एक बारीक खूण केली. "पट्टी वीस अंश चुकलीय."

मामा खाली बसले. स्ट्रेचर ओढून पाठ गेली तेव्हा दवाखान्याने त्यांना ही प्रार्थनेची खोली दिली होती. कुणाला दिशा लागते, कुणाला फक्त शांतता, कुणाचं पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही, हे सगळं ते नातेवाइकांना विचारून शिकले. इथं येणाऱ्यांकडे वेळच वेळ असायचा. एक धर्म वाळवंटात सुरू झाला, एक झाडाखाली, एकाचा जन्म गोठ्यात. पंख्याखाली एकही नाही, असं मामा गमतीने म्हणत. स्वतःचा धर्म विचारला तर झाडू दाखवत.

दार ढकलून शिंपी आत आला. तेरा दिवस तो नमाजाच्या पाचही वेळा येत होता. त्याची सात वर्षांची मुलगी यंत्रावर श्वास घेत होती. त्याने चटई काढली, काठ पट्टीला बरोबर जुळवला आणि उभा राहिला.

"सांगा ना त्यांना," मोजणीवाली मुलगी कुजबुजली.

"आज नको. माणूस आधीच खचलाय. पोरीला उतार पडू दे, मग सांगतो."

दुपार सरली, तिसरा प्रहर झाला. शिंपी आला की मामा फडकं घेऊन कपाटाकडे वळत.

"मामा, पत्रा झिजेल आता," संध्याकाळी शिंपी म्हणाला. तेरा दिवसांत तो पहिल्यांदाच हसला होता. मामाही हसले, आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातच सिस्टर भेटली. "मामा, शिंप्याची मुलगी गेली हो. पहाटे, पाच वाजून दहा मिनिटांनी."

शिंपी खोलीत बाकावर बसला होता. कागद तयार व्हायला वेळ होता. मामा त्याच्या समोर उभे राहिले.

"पट्टी चुकलेली आहे. माझ्या हातून. वीस अंश."

शिंप्याने फरशीकडे पाहिलं. "न कळत चुकलं तर चालतं आमच्यात," तो म्हणाला. "मनात दिशा खरी असली की झालं."

मामांना जरा हायसं वाटलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "काल दुपारी. तुम्ही यायच्या आधी."

शिंप्याने बोटांवर मोजलं. "दुपारचा, तिसऱ्या प्रहरचा, संध्याकाळचा, रात्रीचा, आजचा पहाटेचा. पाच." मग तो म्हणाला, "माझे पाचही पोचले असतील. मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं."

गुडघ्यांवर बसून मामांनी नखाने पट्टीचं टोक उचकटलं. अकरा वर्षांची पट्टी तुकड्या-तुकड्यांनी निघाली. खालची फरशी तेवढीच पांढरी राहिली होती. ओल्या फडक्याने घासली तरी ती बाकीच्या फरशीसारखी होईना.

मामांनी फरशीवरची पेन्सिलीची खूण दाखवली. शिंपी उठला. खिशातून खडू काढून त्याने पांढऱ्या रेघेच्या अलीकडच्या टोकापासून पेन्सिलीच्या खुणेकडे रेघ ओढली, कापडावर ओढतात तशी, एका दमात. मामांनी तिच्यावर दीड मीटरची नवी पट्टी दाबत नेली.

"वीस अंश म्हणजे किती?" शिंप्याने विचारलं. "अंश मला समजत नाहीत. इंचात सांगा."

मग त्याने स्वतःच खिशातली टेप काढली. एक टोक जुन्या रेघेच्या शेंड्यावर धरायला मामांना दिलं, दुसरं नव्या पट्टीच्या शेंड्यापर्यंत ताणलं, आणि वाकून पाहिलं.

"लिहा," तो म्हणाला.

मामांनी मोकळ्या हाताने वही ओढली.

"साडेवीस इंच."