झिणझिण्यांचा कृपाप्रसाद

दुपारी चारला रांग मैदानाच्या फाटकाबाहेर गेली होती. लोक हातात चपला धरून उभे होते, कारण बाबांची पहिली अटच तशी होती. "अनवाणी या! पायात चामडं नको, रबर नको, अहंकार नको!" दुसरी अट, उभं राहायचं ते ओल्या मातीवरच. बाबांच्या घरगाडीसमोरची दोन हात जमीन दर दहा मिनिटांनी शिंपली जायची. तिच्यावर उभं राहून गाडीच्या पत्र्यावर तळहात टेकवायचा. की मग बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत मुंग्यांची वारुळंच फुटायची.

"आली! आली! ऊर्जा आली!" एक जाडजूड गृहस्थ ओरडला आणि गरम पाण्याचा प्रसाद ओंजळीत घेऊन, डोळे पुसत बाजूला झाला.

गाडीच्या दारात पडद्याला टेकून बसलेले बाबा मंद हसले. "गाडीला कुठली तार आलेली दिसते? खांब आहे? नाही ना? तरी आत दिवा जळतो, पंखा फिरतो, चुलीशिवाय पाणी गरम होतं. हे कोण करतं?"

"तुम्ही, बाबा!"

"मी नाही रे वेड्यांनो. तो करतो." आणि बोट वर. वर आभाळ होतं, आणि आभाळाच्या अलीकडे गाडीच्या टपावर चार सौरपट्ट्या होत्या. त्या खालून दिसत नव्हत्या.

रांगेत पन्नासेक माणसांच्या मागे वायरमन उभा होता. त्याला त्या पट्ट्या न बघताही दिसत होत्या. त्यानेच बसवल्या होत्या. सीटखालच्या दोन बॅटऱ्या, त्यांच्या विजेवर घरातली उपकरणं चालवणारा इन्व्हर्टर, न्हाणीतला छोटा गिझर, सगळं त्याच्याच हातचं काम. त्याच्या काखेत त्याच्या ताईची पिशवी होती, हातात तिच्या चपला. ताई त्याच्या पुढे उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की त्याला बोलायचं धाडस होईना.

तीन महिन्यांपूर्वी बाबा बाबा नव्हते. पाणी गाळायची यंत्रं विकून निवृत्त झालेले, जुनी घरगाडी घेऊन भटकायची हौस असलेले, गोड बोलणारे गृहस्थ होते. वायरमनच्या दुकानी येऊन म्हणाले, "आत सगळं घरासारखं चाललं पाहिजे. चहा, पंखा, गरम पाणी."

काम दोन दिवसांचं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकच गोष्ट उरली. इन्व्हर्टरची एक तार वायरमनने जमिनीत रोवायच्या सळईला जोडली होती. त्याच सळईला गाडीचा पत्राही हिरव्या तारेने जोडायचा होता. तेच तर अर्थिंग, वीज पत्र्यात गळलीच तर ती माणसातून न जाता तारेतून निघून जावी म्हणून. पण हातभर हिरवी तार कमी पडली. दुकान लांब होतं, पोटात भूक होती. "आठवड्यात येऊन जोडून देतो," तो म्हणाला. "तोवर चालेल."

पंधरा दिवसांनी फोन आला. "अहो, गिझर लावला की गाडीला हात लावताच झिणझिण्या येतात!" वायरमन तेव्हा एका शाळेचं काम करत शिडीवर होता. गिझर जुना होता, त्याच्या पाणी तापवणाऱ्या कॉइलमधून पत्र्यात वीज गळत असणार, हे त्याच्या तिथल्या तिथे ध्यानात आलं. "उद्या येतो," तो म्हणाला. तो उद्या उगवलाच नाही. पुढच्या फोनची वाट बघत तो विसरून गेला, आणि पुढचा फोनही आला नाही. आलं ते कौतुक. मैदानात एक सिद्ध पुरुष उतरलेत, त्यांच्या गाडीतून शक्ती वाहते म्हणे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला हसू फुटलं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा घाम फुटला.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? "ती शक्ती नाही, ती माझी अर्धवट टाकलेली वायरिंग आहे"? गावभर काम मागत फिरणाऱ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने हे बोलायचं? त्याने मनाशी हिशेब मांडला, की झिणझिण्या बारीक आहेत, कुणाचं काही बिघडत नाही, महिन्याभरात गाडी पुढे जाईल. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा किती व्यवस्थित मुद्दे काढतो!

आणि मग ताई म्हणाली, "मला पण घेऊन चल."

ताईला लहानपणापासून झटके येत. आई गेल्यावर तिनेच याला वाढवलं, शाळेत घातलं, धंद्याला लावलं. सोळा वर्षं ती नेमाने गोळ्या घेत होती आणि सोळा वर्षांत तिला एकदाही झटका आला नव्हता. आता रांगेत तिचा नंबर आला. तिने पत्र्यावर हात टेकवला. अंगभर शहारली. बाबांनी तिच्या कपाळावर गरम पाण्याचं बोट ओढलं आणि मोठ्याने म्हणाले, "झटक्यानंच झटका जातो, माई! आता गोळ्या कशाला? दोन होड्यांत पाय ठेवू नकोस!"

लोकांनी माना डोलावल्या. वायरमनच्या हातातल्या चपला घामाने निसटत होत्या.

"ताई, गोळ्या मात्र सोडू नकोस हं," परत येताना तो एवढंच म्हणाला.

"का रे? तुझा विश्वास नाही?"

"तसं नाही…"

"मग कसं?"

त्याला तेव्हा दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना विचार आधी." ती विचारणार नाही हे त्याला माहीत होतं.

बाराव्या दिवशी ताई स्वयंपाकघरात कोसळली. उकळतं भांडं तिच्यासकट खाली आलं. शेजारणीच्या आरोळीने तो धावत गेला तेव्हा ताईचं अंग ताठ होऊन थरथरत होतं, आणि डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोललेली होती.

दवाखान्यात पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टरीणबाई त्याला बाहेर घेऊन आल्या. त्या चिडल्या की हळू बोलत.

"गोळ्या कधी बंद केल्या?"

"दहा-बारा दिवस झाले."

"एकदम?"

"एकदम."

"ही औषधं अशी एकदम तोडली तर झटका उसळी मारून येतो, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलंय. या महिन्यात त्या माझ्याकडच्या तिसऱ्या. एकाने मधुमेहाची गोळी सोडली, एकाने रक्तदाबाची. सगळे त्या गाडीला हात लावून आलेले. काय आहे त्या गाडीत, कुणाला ठाऊक!"

"मला ठाऊक आहे," वायरमन म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. बाकावर बसून, जमिनीकडे बघत, हिरव्या तारेपासून ताईच्या चपलांपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाच तोंड उघडलं. "ही गळती वाढू शकते?"

"कॉइल रोज खराब होतंय. आज झिणझिण्या आहेत. ज्या दिवशी पूर्ण फुटेल, त्या दिवशी ओल्या मातीवर जो उभा असेल तो जागच्या जागी…"

"मग इथे बसून काय करताय?"

चार वाजता दोघं मैदानात पोचले. वायरमनच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी होती, आणि पिशवीत हातभर नव्हे, चांगली चार हात हिरवी तार. तो रांगेत थांबला नाही. बाबांनी त्याला लांबूनच ओळखलं आणि क्षणभर त्यांचा हात पडद्यामागे गेला.

"ये, ये! हा आपला जुना भक्त—"

"पत्र्याला कुणी हात लावू नका," वायरमन म्हणाला. आवाज चिरका निघाला. त्याने खिशातून टेस्टर काढला, गाडीच्या दाराशी पत्र्याचा रंग खरवडला आणि टोक टेकवलं. टेस्टरमधला इवलासा दिवा लाल पेटला.

"बघा!" बाबा गरजले. "यंत्रालाही साक्षात्कार झाला!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. वायरमनने टाळ्या संपेपर्यंत वाट पाहिली.

"हाच साक्षात्कार तुमच्या घरच्या सॉकेटलाही होतो. रोज होतो. त्याला वीज म्हणतात."

तो गुडघ्यांवर बसला. सळई शोधली, तारेचं एक टोक तिला पिळलं, दुसरं पत्र्याच्या बोल्टाखाली घट्ट आवळलं. पुन्हा टेस्टर टेकवला. दिवा पेटला नाही. त्याने स्वतःच्या चपला काढल्या, चिखलात उभा राहिला आणि दोन्ही तळहात पत्र्यावर ठेवले.

"काही नाही. गिझर अजून चालू आहे ना, बाबा? पडद्यामागचं बटण दाबलंय ना?"

बाबांनी मागचा पडदा घट्ट ओढून घेतला. वायरमन गर्दीकडे वळला.

"ओल्या मातीवर अनवाणी उभं केलं की वीज पत्र्यातून तुमच्यात, तुमच्यातून मातीत आणि मातीतून या सळईत जाते. रबरी चप्पल असली तर जात नाही, म्हणून चप्पल काढायची. माती सुकली तर कमी जाते, म्हणून शिंपायची. गरम पाणी वाटत राहिलं नाही तर गिझर आपोआप बंद होतो, म्हणून ते प्रसादासारखं वाटायचं."

"आणि शक्ती थकते ती?" गर्दीतून एका म्हातारीने विचारलं. "मधेच आत पीं-पीं वाजतं, आणि बाबा म्हणतात शक्ती थकली, उद्या या?"

"बॅटरी संपत आली की इन्व्हर्टर तसा ओरडतो, आजी. मग बाबा ध्यानाला म्हणून गाडी घेऊन जातात. इंजिन फिरलं की बॅटरी पुन्हा भरते."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच ओशाळलं. दोन माणसं आत शिरली. सीट उचलली तर खाली बॅटऱ्या. एकजण टपावर चढून ओरडला, "इथे पट्ट्या आहेत रे!"

बाबा उठून उभे राहिले. आता त्यांचा आवाज पुन्हा विक्रेत्याचा झाला होता. "वायरिंग कुणी केलं? विचारा याला! यानंच केलं! चूक याची आहे!"

सगळ्या माना वायरमनकडे वळल्या. ज्या क्षणाला तो इतके दिवस टाळत होता तो हाच.

"हो," तो म्हणाला. "चूक माझी आहे. खोटं तुमचं आहे. मला हातभर तार आणायचा कंटाळा आला, मग फोनवर यायचा कंटाळा आला, आणि मग सांगायची लाज वाटली. माझी सख्खी बहीण या रांगेत होती, मी तिच्या चपला धरून उभा होतो. आज ती दवाखान्यात भाजलेला हात घेऊन पडली आहे. मला शिव्या द्या. पण घरी जाऊन गोळ्या सुरू करण्याआधी या डॉक्टरीणबाईंना भेटा. आणि पुढच्या वेळी कुणी असं काही दाखवलं तर एकच करा, विचारा. हे कसं होतं, सांगितलं तसं न केलं तर काय होतं, चप्पल घालून हात लावू देता का, सीट उचलून बघू देता का. जो खरा असेल तो बघू देईल. जो रागावेल, त्याच्यापासून लांब राहा."

लगेच काही कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई रडत त्याच्या अंगावर आली, "माझ्या नवऱ्याला बरं वाटत होतं रे! का तोडलंस?" डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला आणि तिला बाजूला नेऊन नवऱ्याला काय होतंय ते विचारत राहिल्या. गाडी त्याच दिवशी सरकारी माणसांनी ताब्यात घेतली. वायरमनने स्वतःच्या नावानिशी जबाब लिहून दिला. पुढचे दोन महिने त्याला गावात कुणी काम दिलं नाही.

पण त्या संध्याकाळी तो आधी ताईकडे गेला. ती जागी होती. कुणीतरी तिला सगळं सांगून गेलं होतं.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी हात टेकवला तेव्हा?"

"तेव्हाही."

तिने पट्टी बांधलेला हात उशीवर घेतला. "बाबा परका होता. त्याने फसवलं, त्याचं मला एवढं नाही वाटत. तू का नाही बोललास?"

"लाज वाटली, ताई."

"माझ्या हातापेक्षा ती लाज मोठी होती?"

तो रडला. तिने त्याला गप्प केलं नाही, लहानपणी करायची तसं. रडून झाल्यावर ती म्हणाली, "माफ वगैरे नंतर बघू. आधी मला नीट समजावून सांग. वीज कुठून आली, कुठे गेली, मला का झिणझिणलं. मला कळलं पाहिजे. मग मी शेजारणीला सांगीन, ती तिच्या सासूला. त्या बायका तुझं ऐकणार नाहीत, माझं ऐकतील."

वायरमनने डोळे पुसले, औषधाची चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने एक बॅटरी काढली.

"आता ही बॅटरी," तो म्हणाला.

"थांब," ताई म्हणाली. "बॅटरीत वीज येते कुठून, ते आधी सांग."